विश्लेषण : अमळनेरहून धुळे जवळ, मग खेळायचे जळगावच्या बाजूने का? महाविद्यालयीन खेळांच्या ‘विभागां’चे गणित काय?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये २०२४ च्या हंगामापासून दोन सर्वात बलाढ्य गटांनी आपले पूर्व-पश्चिम विभाग मोडीत काढले. तिथे कारण होते टीव्हीचा पैसा आणि एकतर्फी निकाल. खान्देशात पैसा एसटीच्या तिकिटाचा आहे, पण प्रश्न तोच आहे : कोणत्या महाविद्यालयाने कोणत्या विभागातून खेळायचे? जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार या चार विभागांच्या रेषा विद्यापीठाच्या संघात कोणाला संधी मिळणार हे बऱ्याच अंशी ठरवतात. या रेषा आल्या कुठून, त्या बदलल्या तर काय होईल?

विभाग म्हणजे नेमके काय?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. क्रीडा स्पर्धांसाठी मात्र विभाग चार आहेत. जळगाव जिल्ह्यातील महाविद्यालये जळगाव आणि एरंडोल अशा दोन विभागांत वाटली आहेत, धुळे आणि नंदुरबार हे जिल्ह्यागणिक एकेक विभाग.

साखळी अशी चालते. विभागातील महाविद्यालये आधी आपापसात खेळतात, ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्यातून विभागाचा संघ निवडला जातो. चार विभागांचे संघ मग एकमेकांशी भिडतात, ही आंतरविभागीय स्पर्धा. तिथे निवड समिती बसते आणि विद्यापीठाचा संघ ठरवते. तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथे पहिल्या चारात आला, तर अखिल भारतीय स्पर्धेला.

यात गोंधळ होतो तो शब्दाचा. ‘विभागीय’ हा शब्द मराठी बातमीत किमान तीन अर्थांनी येतो. एक, विद्यापीठाचा विभाग, म्हणजे एरंडोल किंवा धुळे. दोन, राज्याच्या क्रीडा विभागाचा नाशिक विभाग, ज्यात शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये खेळतात. तीन, भारतीय विद्यापीठ संघाचा पश्चिम विभाग, ज्यात महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्यातील विद्यापीठे असतात. बारावीपर्यंत जळगावचा मुलगा नाशिक विभागात खेळतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला गेला की त्याचा विभागच बदलतो. ‘विभागीय स्पर्धेत निवड’ एवढेच वाचून अभिनंदनाचे फलक लावणाऱ्यांना यातला फरक क्वचितच माहीत असतो.

रेषा इतकी महत्त्वाची का?

कारण एक विभाग म्हणजे एक संघ, आणि एक संघ म्हणजे ठरावीक जागा. फुटबॉलचा संघ १८ जणांचा धरला तर चार विभागांतून ७२ खेळाडू निवड समितीच्या डोळ्यांसमोर येतात. विभाग तीन झाले तर ५४. मैदान तेच, मुले तीच, पण १८ जणांना कोणी पाहणारच नाही. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, प्रत्येक सांघिक खेळात हाच हिशेब लागू होतो.

खेळाडूच्या दृष्टीने हा केवळ हौसेचा मामला नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ कोणत्या पातळीवरच्या कामगिरीला मिळतो याचे निकष शासन निर्णयात ठरलेले असतात, आणि पातळी जितकी वरची तितके प्रमाणपत्राचे वजन जास्त. आंतरमहाविद्यालयीन प्रमाणपत्र घरातल्या फाइलमध्ये राहते. वरच्या पातळीवर पोहोचायचे तर विद्यापीठाचा संघ हाच दरवाजा आणि त्या दरवाजापर्यंतची वाट विभागाच्या संघातून जाते. शिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट आहे : १ जुलै रोजी वय १७ पेक्षा जास्त आणि २५ पेक्षा कमी. म्हणजे पदवीची तीन आणि पुढची दोन, अशा जेमतेम पाच-सहा हंगामांत काय ते करायचे.

एरंडोल विभाग कुठून आला?

तीन जिल्ह्यांचे चार विभाग हे ऐकायला विचित्र वाटते. एरंडोल हे तालुक्याचे गाव, पांडववाड्यासाठी ओळखले जाणारे. त्याच्या नावाने विभाग असावा आणि भुसावळसारख्या मोठ्या रेल्वे शहराच्या नावाने नसावा, हेही अनेकांना खटकते. पण लोकसंख्येचे आकडे समोर ठेवले की चित्र स्पष्ट होते.

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२.३ लाख, धुळ्याची २०.५ लाख आणि नंदुरबारची १६.५ लाख. तालुक्यांची संख्या अनुक्रमे १५, ४ आणि ६. जळगाव जिल्हा एकटा उरलेल्या दोन जिल्ह्यांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे. त्याचे दोन भाग केले की प्रत्येकी साधारण २१ लाख येतात, म्हणजे जवळपास धुळ्याएवढेच. चार विभाग २१, २१, २०.५ आणि १६.५ लाखांचे. देशातील कित्येक विधानसभा मतदारसंघ इतके समतोल नसतील.

त्यामुळे ‘एक जिल्हा, एक विभाग’ ही मागणी सोपी आणि नीटनेटकी वाटली तरी तिचा फटका सरळ जळगाव जिल्ह्यातील खेळाडूंना बसतो. ४२ लाखांच्या जिल्ह्याला एक संघ आणि १६ लाखांच्या जिल्ह्यालाही एक. चोपडा, यावल, रावेरपासून चाळीसगावपर्यंतची मुले १८ जागांसाठी झगडतील. लोकसंख्येच्या कसोटीवर सध्याची रचना चुकीची ठरत नाही. तिची अडचण दुसरीकडे आहे.

मग अडचण काय?

रस्ता आणि रूळ. विभागांची रेषा जिल्ह्याच्या सीमेवरून जाते आणि जिल्ह्याची सीमा माणसांच्या येण्याजाण्यावरून आखलेली नाही.

अमळनेर हा जळगाव जिल्ह्यातील तालुका. तिथून धुळे सुमारे ३७ किलोमीटर, जळगाव रेल्वेने ५५ किलोमीटरच्या आसपास. पारोळा जुन्या राष्ट्रीय महामार्ग सहावर जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये आहे आणि तेही धुळ्याच्याच बाजूला झुकलेले. सर्वात ठळक उदाहरण चाळीसगावचे. चाळीसगाव ते जळगाव रेल्वेने ९२ किलोमीटर, चाळीसगाव ते धुळे ५६. चाळीसगावहून धुळ्याला स्वतंत्र रेल्वे फाटाच आहे. पण हे तिन्ही तालुके जळगाव जिल्ह्यात असल्याने धुळे विभागात येत नाहीत. बाजार, दवाखाना, लग्नाची खरेदी यांसाठी धुळ्याला जाणारी मुले सामना खेळायला मात्र उलट्या दिशेने निघतात.

बोलीचा नकाशाही असेच सांगतो. अमळनेर, पारोळा, धुळे, साक्री या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली ऐकू येते. अमळनेरचा खेळाडू मैदानावर जी भाषा बोलतो ती धुळ्याच्या खेळाडूला जास्त जवळची. बोलीवरून विभाग आखा असे कोणी म्हणणार नाही, पण माणसांचे येणे-जाणे कुठे आहे याची ती चांगली खूण आहे.

ही सीमा तशी नवी नाही. ब्रिटिशांच्या काळात खान्देश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खान्देशचे मुख्यालय जळगाव, पश्चिमचे धुळे. पुढे त्यांची नावे बदलली, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, पण पूर्व आणि पश्चिम खान्देशमधली ती रेषा बहुतांशी कायम राहिली. महसूल गोळा करण्याच्या सोयीसाठी शंभर वर्षांपूर्वी काढलेल्या रेषेवरून आज खो-खोचा संघ ठरतो आहे.

नंदुरबारचे दुखणे वेगळे कसे?

नंदुरबार विभाग लोकसंख्येने सर्वात लहान असला तरी प्रवासाचा सर्वात मोठा बोजा त्याच्यावर आहे. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे. धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुड्यात आहेत. धडगावच्या महाविद्यालयाचा संघ शहाद्यामार्गे घाट उतरून नंदुरबारला येतो, तेव्हा त्याची फक्त विभागाची स्पर्धा सुरू होते. तिथे निवड झाली की पुढची आंतरविभागीय स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात असू शकते.

इथे खान्देशच्या रेल्वेची एक गंमत कळते. नंदुरबार सुरत-जळगाव मार्गावर आहे. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी गाडी सरळ येते. धुळे या मार्गावर नाही. त्यामुळे नंदुरबारहून सुमारे १५० किलोमीटरवरचे जळगाव रेल्वेने गाठता येते, पण त्याहून बरेच जवळ असलेल्या धुळ्याला थेट रेल्वे नाही. कधीकाळी ज्या जिल्ह्याचा भाग होते त्याच्या मुख्यालयाला जायचे तर रस्ताच धरावा लागतो.

प्रवासाचा खर्च कोण करतो हाही प्रश्न यालाच जोडलेला आहे. विभागाच्या फेरीपर्यंत संघ पाठवण्याची जबाबदारी महाविद्यालयाची असते. शहरातील चार-पाच हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाचा जिमखाना निधी आणि डोंगरातील चारशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाचा निधी यांत जमीन-अस्मानाचा फरक असणार, कारण हा निधी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून उभा राहतो. लांबचे महाविद्यालय मग सांघिक खेळ टाळून मैदानी स्पर्धेला दोन धावपटू पाठवते. दोन तिकिटांत काम होते. फुटबॉलसाठी अठरा मुले, एक व्यवस्थापक आणि एक दिवसाचा मुक्काम.

विद्यापीठ बदलले की संघही बदलतो?

हो, आणि खान्देशने हे एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही १९४० च्या दशकातील महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाशी आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुण्याशी जोडली गेली. चार दशके खान्देशचा खेळाडू पुणे विद्यापीठाच्या संघात जागा मिळवण्यासाठी झगडत होता. समोर पुणे शहरातील महाविद्यालये, नाशिक, नगर. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले आणि एका फटक्यात खान्देशला स्वतःचा संघ मिळाला. पश्चिम विभागात पुण्याचा एक संघ होता, आता पुण्याचा एक आणि जळगावचा एक. धुळ्याच्या मुलाच्या खेळात एका रात्रीत काही फरक पडला नव्हता, रेषा बदलल्याने त्याच्यासमोर एक संपूर्ण नवा संघ उभा राहिला.

हेच पुढे नांदेडला १९९४ मध्ये, सोलापूरला २००४ मध्ये, गडचिरोलीला २०११ मध्ये झाले. नवे विद्यापीठ म्हटले की चर्चा परीक्षा आणि निकालांची होते. खेळाडूंच्या दृष्टीने मात्र प्रत्येक विभाजन म्हणजे राज्याच्या वाट्याला आलेला आणखी एक संघ. याची दुसरी बाजूही आहे. मोठ्या विद्यापीठातून फुटलेला लहान संघ पश्चिम विभागात उतरतो तेव्हा त्याच्यामागे निवडीसाठी तेवढी मोठी गर्दी नसते. संधी वाढते, संघाची ताकद पातळ होते. पुण्याच्या संघात पर्यायी खेळाडू म्हणून बसण्यापेक्षा जळगावच्या संघात खेळून पहिल्या फेरीत हरणे चांगले की वाईट, यावर कुठल्याही महाविद्यालयाच्या मैदानात दोन गट पडतील. पण बाकावर बसून कोणी खेळाडू होत नाही, हे पहिल्या बाजूचे म्हणणे जास्त पटणारे आहे.

अलीकडची फेररचना मात्र फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. ती जिल्ह्यांची नाही, अभ्यासक्रमांची आहे. रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला २०१४ च्या कायद्याने राज्यभरातील तंत्रशिक्षण महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा मार्ग खुला झाला. त्यानंतर खान्देशातील काही अभियांत्रिकी महाविद्यालये जळगावच्या विद्यापीठाकडून लोणेरेकडे गेली. वैद्यकीय महाविद्यालये १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. धुळ्याचे कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. शिरपूरला मुंबईच्या एका अभिमत विद्यापीठाचे संकुल आहे.

परिणाम असा की एकट्या धुळे जिल्ह्यात शेजारी-शेजारी राहणारी पाच मुले पाच वेगवेगळ्या विद्यापीठांची जर्सी घालू शकतात. कला शाखेचा विद्यार्थी जळगावच्या विद्यापीठाकडून, अभियांत्रिकीचा लोणेरेकडून, वैद्यकीयचा नाशिककडून, कृषीचा राहुरीकडून आणि अभिमत विद्यापीठाचा मुंबईच्या नावाने. बारावीपर्यंत एकाच संघात बचाव आणि आक्रमण सांभाळणारे दोन मित्र प्रवेशाच्या यादीनंतर प्रतिस्पर्धी होतात. यात लोणेरेकडे गेलेल्या विद्यार्थ्याची स्पर्धा आता तीन जिल्ह्यांशी नाही, राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांशी आहे. प्रवेश घेताना कॅपच्या फेरीत महाविद्यालयाची प्लेसमेंट पाहिली जाते, शुल्क पाहिले जाते. आपण कोणत्या विद्यापीठाच्या संघासाठी पात्र ठरणार, हे पाहणारा विद्यार्थी विरळा.

इतरत्र रेषा कशा आखतात?

शेजारच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. म्हणजे तिथेही एका मोठ्या जिल्ह्याचे दोन भाग केले गेले, फक्त शहर वेगळे काढून. शालेय स्पर्धांमध्येही हेच तत्त्व दिसते. महापालिका क्षेत्र हा स्वतंत्र घटक मानला जातो. त्यामुळे नाशिक विभागात जळगाव महापालिका आणि जळगाव ग्रामीण, धुळे महापालिका आणि धुळे ग्रामीण असे वेगळे संघ उतरतात. शहरातील सोयी असलेल्या मुलांनी ग्रामीण मुलांच्या जागा खाऊ नयेत, हा त्यामागचा फायदा. गंमत म्हणजे अहिल्यानगर जिल्हा महसुली नकाशात नाशिक विभागात आहे, पण शालेय क्रीडा स्पर्धांत तो पुणे विभागात मोडतो. रेषा गरजेप्रमाणे हलवता येते, याचे हे घरचेच उदाहरण.

क्रिकेटमध्ये तर खान्देशच्या पूर्व टोकालाच एक मोठी सीमा आहे. मुक्ताईनगरचा मुलगा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येतो, म्हणजे पश्चिम विभागात. तासाभराच्या अंतरावरचे मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात, आणि विदर्भाचा संघ मध्य विभागात. दोघे मराठी, दोघे कापसाच्या पट्ट्यातले. पण एकाला रणजी संघात जायचे तर पुण्याकडे पाहावे लागते, दुसऱ्याला नागपूरकडे. रणजी करंडकात २००२-०३ पासून विभागवार गट काढून एलिट आणि प्लेट अशी गुणवत्तेवर विभागणी आली. त्यानंतर विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक जिंकला. केवळ गट बदलल्याने संघ जिंकत नाही, पण दरवर्षी त्याच त्या शेजाऱ्यांशी खेळण्याऐवजी आपल्या तोडीच्या संघांशी खेळायला मिळाले की खेळ सुधारतो, हे त्या रचनेमागचे गृहीतक होते.

अमेरिकेत नेमके काय झाले?

तिथले फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा खेळ. विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात आणि मोठ्या गटांचे पूर्व-पश्चिम असे उपविभाग असत. दोन्ही उपविभागांचे विजेते अंतिम सामना खेळत. ‘बिग टेन’ या गटात २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत अंतिम सामना दरवेळी पूर्व विभागानेच जिंकला. दहा पैकी दहा. पूर्वेतला दुसऱ्या क्रमांकाचा संघ पश्चिमेच्या विजेत्यापेक्षा सरस असला, तरी तो अंतिम फेरीत येऊ शकत नव्हता. २०२४ मध्ये गट १८ विद्यापीठांचा झाला आणि विभाग रद्द झाले. आता पहिले दोन संघ थेट अंतिम सामना खेळतात. ‘एसईसी’ या दुसऱ्या बड्या गटानेही त्याच वर्षी १९९२ पासूनचे विभाग मोडले. त्या गटात मिझुरी विद्यापीठ २०१२ पासून ‘पूर्व’ विभागात होते, तर त्याच्या पूर्वेला असलेले ऑबर्न ‘पश्चिम’ विभागात. म्हणजे अमळनेरसारखी कोडी तिथेही होती.

मात्र तिथला धडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. बिग टेनमध्ये आता पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठे न्यू जर्सीच्या विद्यापीठाशी खेळतात. संघ विमानाने जातो आणि खर्च प्रक्षेपण हक्कांच्या पैशातून निघतो. खान्देशात विभाग रद्द करायचे म्हणजे धडगावच्या संघाला पहिल्याच सामन्यासाठी रावेरला पाठवायचे.

विभाग रद्द केले तर सामने किती वाढतील?

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा फुटबॉलसाठी ४० महाविद्यालयांचे संघ आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ठरवले तर ७८० सामने होतील, जे अशक्य आहे. दहा-दहाचे चार विभाग केले तर विभागातील साखळी सामने १८० आणि चार विभागीय संघांचे आपापसातले सहा, असे १८६.

प्रत्यक्षात बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तिथे गणित वेगळे आहे. बाद पद्धतीत विजेता ठरेपर्यंत एक सोडून सगळे संघ एकदा हरतात, त्यामुळे ४० संघांना ३९ सामने पुरतात, विभाग असोत वा नसोत. म्हणजे विभागांमुळे सामने कमी होत नाहीत, प्रवास कमी होतो. आणि बाद पद्धतीत निम्मे संघ पहिला सामना खेळून घरी जातात. लांबून आलेल्या संघासाठी तो दीड तासाचा खेळ आणि दिवसभराचा प्रवास. विभाग कसेही आखले तरी हे दुखणे जात नाही. त्यावर उपाय आहे तो लहान साखळी गटांचा : चार-चार संघांचा गट, प्रत्येकाला किमान तीन सामने. खर्च मुक्कामाचा वाढतो, पण एका चुकीच्या दिवसाने वर्ष वाया जात नाही.

मग रेषा बदलायची का?

एक पर्याय लगेच सुचतो : अमळनेर, पारोळा आणि चाळीसगाव हे तालुके धुळे विभागाला जोडायचे. जळगाव जिल्ह्यातील तालुक्याची सरासरी लोकसंख्या २.८ लाख धरली तर तीन तालुक्यांचे साडेआठ लाख होतात. धुळे विभाग २९ लाखांवर जाईल आणि जळगाव जिल्ह्यातले उरलेले दोन विभाग प्रत्येकी १७ लाखांवर येतील. प्रवास कमी होईल, पण साक्रीच्या किंवा शिंदखेड्याच्या मुलाला धुळ्याच्या संघात जागा मिळवणे कठीण होईल, कारण आता त्याच्यासमोर प्रताप महाविद्यालयासारखे जुने महाविद्यालय असेल. दोंडाईचा परिसर नंदुरबारला जोडला तर हा भार थोडा हलका होतो. रेल्वेने तो भाग नंदुरबारशी जोडलेलाच आहे आणि नंदुरबार विभागही थोडा मोठा होईल. पण एक तालुका हलवला की दुसऱ्याचा प्रश्न उभा राहतो, ही साखळी कुठे थांबवायची हे ठरवावे लागेल.

शिवाय विभागामागे एक यंत्रणा असते. प्रत्येक विभागाची क्रीडा समिती असते, त्यात महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण संचालक असतात, यजमानपदाचे वाटप होते. वर्षानुवर्षे ओळखीने चाललेली ही व्यवस्था नकाशावर पेन्सिल फिरवून बदलत नाही.

त्यापेक्षा कमी खर्चाचा मार्ग यजमानपदाचा आहे. आंतरविभागीय स्पर्धा कुठे होते यावर कोण किती प्रवास करणार हे ठरते. तीन जिल्हा मुख्यालयांचा विचार केला तर जळगावला स्पर्धा ठेवल्यास धुळ्याचा संघ सुमारे ९० आणि नंदुरबारचा १५० किलोमीटर येतो. बेरीज २४०, सर्वात लांबचा प्रवास १५०. धुळ्याला ठेवल्यास बेरीज १८५ च्या आसपास आणि सर्वात लांबचा प्रवास शंभराच्या आत. अमळनेरला ठेवल्यास जळगाव ५५, धुळे ३७, नंदुरबार रेल्वेने ९५, म्हणजे बेरीज साधारण तेवढीच. फरक इतकाच की अमळनेरला नंदुरबार आणि जळगाव हे दोन्ही संघ रेल्वेने पोहोचू शकतात. ज्या गावावरून विभागाचा वाद निघतो, तेच गाव तिन्ही जिल्ह्यांना सोयीचे पडते. मैदान, मुक्काम आणि पंचांची सोय हे प्रश्न उरतातच, पण मोठ्या खेळांच्या आंतरविभागीय स्पर्धा जळगावबाहेर फिरत्या ठेवल्या तर एकही रेषा न हलवता नंदुरबारचा भार तिसऱ्या हिश्शाने कमी होतो.

पुढे काय?

विद्यापीठ पातळीवर विभाग आणि यजमानपदाचे निर्णय क्रीडा व शारीरिक शिक्षण विभागाच्या यंत्रणेतून होतात आणि वार्षिक वेळापत्रक हंगामापूर्वी जाहीर होते. बदल करायचा तर त्याआधी करावा लागेल, कारण हंगाम सुरू झाल्यावर विभाग हलवला की आधी झालेल्या निवडीच अडचणीत येतात. वरच्या पातळीवर देशातील विद्यापीठांची संख्या एक हजाराच्या पुढे गेली आहे, तरी उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम हे चारच विभाग आहेत आणि बहुतेक सांघिक खेळांत प्रत्येकातून चार संघ पुढे जातात. पंजाब आणि चंडीगडमधील बलाढ्य विद्यापीठे ज्या उत्तर विभागात आहेत त्यालाही चार जागा आणि पश्चिमेलाही चारच.

खान्देशपुरता एक बदल रेषांना हात न लावता होऊ घातला आहे. धुळ्याजवळील बोरविहीर ते नरडाणा या नव्या रेल्वेमार्गाची पायाभरणी फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. हा मार्ग पूर्ण झाला की धुळे प्रथमच सुरत-जळगाव मार्गाला जोडले जाईल. धुळे ते नंदुरबार आणि धुळे ते अमळनेर रेल्वेने जाता येईल, आणि कोणते महाविद्यालय कोणाच्या जवळ, हा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागेल.